पाठीमागचं दार

आमचं घर म्हणजे सीमाभागातल्या एका गावात पत्र्याची एक खोली. चूल मागच्या, पूर्वेच्या भिंतीला, कारण धूर जायला झरोका तिथंच होता. दार आईच्या पाठीमागं. आई दिवसभर विड्या वळायची आणि सांजेला चुलीपुढं बसायची. अप्पा पिऊन यायचे ते मात्र आवाज न करता. चपला कोपऱ्यावरच काढून हातात घ्यायचे. पाठीत पहिला दणका बसला की आईला कळायचं, आले.

म्हणून मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायची. गल्लीच्या तोंडाशी अप्पा दिसले की मोठ्यानं वाचायला लागायची. तेवढ्यात आई तव्यापासून उठून बाजूला व्हायची. गावात अजून कौतुकानं सांगतात, पोरगी उंबऱ्यावर बसून शिकली. खोटं नाही ते. पण मी तिथं पहाऱ्याला होते, अभ्यास ओघानं झाला.

घरातली पहिली पदवीधर मी. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही, आताही वाटत नाही. पदवीमुळं बेंगळुरूत नोकरी लागली, नोकरीमुळं हेब्बाळला फ्लॅट झाला. अप्पा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. आई गावी एकटीच, आणि इकडं यायला राजी नव्हती. मी म्हटलं, स्वयंपाकघर तुझ्या पसंतीनं करू, मग तर येशील?

राजाजीनगरच्या एका शोरूममध्ये तिला घेऊन गेले. डिझायनर तरणा पोरगा होता, आईला अम्मा म्हणायचा. आईचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळं दोघांचं लगेच जमलं. हल्ली काय चालतं ते त्यानं दाखवलं. मधली भिंत पाडून हॉलला जोडलेलं ओपन किचन, बिनमुठीची कपाटं, आणि ओट्यावर एक वस्तू दिसता कामा नये. मिक्सरसुद्धा शटरमागं. कपाटं मॅट फिनिशची, चकचकीत आता कोणी घेत नाही म्हणे. आईला नेमकं चकचकीतच हवं होतं. एका लाल दाराच्या नमुन्यापुढं ती बराच वेळ त्यात बघत उभी राहिली. त्यावर बोटांचे ठसे उमटतात, असं पोरगा म्हणाला.

"उमटू देत की," आई म्हणाली. "पुसायला मी हाय."

मी हसले आणि करडं मॅट घेतलं. शेगडी वास्तूप्रमाणं पूर्वेच्या भिंतीला बसली, तिच्यावर चिमणी. हॉल आणि घराचं दार पाठीमागं.

आई आली आणि थोड्याच दिवसांत काहीतरी बिनसलं. फोडणी टाकताना ती चिमणी बंद करायची. ठसका सोफ्यापर्यंत यायचा. मी चिमणी लावली की पुन्हा बंद. घों घों करतंय, काही ऐकू येत नाही, म्हणायची. तिच्या हातची भाकरी करपायला लागली, कारण थापता थापता ती मान वळवून मागं बघायची. एकदा वळताना मनगट तव्याला भाजलं. त्यात ते ताट. स्टीलचं एक ताट ती ओट्यावर टाईलला टेकवून उभं करायची. मी सकाळी ते ड्रॉवरमध्ये ठेवायची, संध्याकाळी ते परत उभं. या किचनची सगळी शोभाच मोकळ्या ओट्यात आहे, असं मी तिला समजावलं. ती 'सरी, सरी' म्हणाली, म्हणजे बरं बरं. दुसऱ्या दिवशी ताट जागेवर.

मग तिनं गावी जायचं काढलं. किचन छान हाय, पण मला सोसंना, म्हणाली.

एका रविवारी ती कोथिंबीर आणायला खाली गेली होती. मी तिच्या जागी उभी राहून भाजी परतत होते, चिमणी लावून. ताट समोर होतंच. सहज नजर गेली, तर ताटात दार होतं. ताणलेलं, वाकडं, पण अख्खं दार. आणि दारात कोणीतरी उभं होतं. अंधारा, उभा पट्टा नुसता. मला वळता येईना. मी त्या ताटातच बघत राहिले.

आई होती. चपला बाहेर काढून अनवाणी आत आली होती.

शेगडी बंद करून मी विचारलं, "हे ताट कधीपासून लावतीस?"

ती खाली बसून जुडी सोडायला लागली. "तू कालिजला गेलीस, तवापास्नं."

आवाजात तक्रार नव्हती. मला हॉस्टेलवर तिनंच ढकललं होतं, मी रडत होते तरी. पण आपण उठलो तेव्हा तो उंबरा रिकामा झाला, हे मला कधी सुचलंच नव्हतं. पदवीची ती सगळी वर्षं ही बाई ताटात बघून रांधत होती. ज्याची ती वाट बघत होती तो माणूस कधीच गेला. त्याचं येणं मात्र गेलं नव्हतं, हेब्बाळपर्यंत आलं होतं.

मी शोरूमच्या त्या पोराला बोलावलं. हॉलच्या बाजूला कॉफी प्यायला म्हणून त्यानंच एक ओटा केला होता, पुढं दोन उंच स्टुलं. त्यावर कोणी बसत नव्हतं. शेगडी तिथं घे, म्हटलं. त्यानं अडचणी सांगितल्या. गॅसची नळी फरशीखालून न्यावी लागेल, चिमणी छताला टांगावी लागेल. आणि मुख्य म्हणजे अम्मांचं तोंड पश्चिमेला होईल. स्वल्प विचार करा मॅडम.

मी उत्तर देणार, तोवर आईच बोलली.

"पूर्वेकडं तोंड करून जन्मभर रांधलं की रे, अण्णा. काय घावलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खिशातून टेप काढून माप घ्यायला वाकला. फरशी फुटली, घरभर धूळ झाली, काही दिवस आम्ही खालच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं इडली खाऊन काढले.

आता आईची पाठ भिंतीकडं असते. दिवेलागणीला पिठात हात असतानाच ती मान वर करून दाराकडं बघते. अजून बघते. कधी नजर तिथं जरा जास्तच वेळ अडकते, आणि नकळत मीही तिकडं पाहते. मग ती खाली बघून भाकरी थापते. चिमणी चालू असते. गावी जायचं तिनं पुन्हा काढलं नाही. माझ्या घरात माझी आई राहते.