तेल पिणारा कापूस

शहागडला हायवेच्या कडेला पंक्चर काढणारा एक जण माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. बोलणं मोजकंच. प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" म्हणतो आणि आपण मान हलवेपर्यंत पुढं सरकत नाही. पूर्वी तो एका मोठ्या बंदराच्या खाडीत जहाजांचं सांडलेलं तेल गोळा करायच्या कामावर होता.

गेल्या हिवाळ्यात डिझेलचा टँकर आमच्या नाल्यात उलटला. ड्रायव्हर वाचला, पण तेल पाण्यावर पसरत गोदावरीकडे निघालं. नाला नदीला मिळतो तिथंच गावाच्या नळांना पाणी पुरवणारी विहीर आहे. लोक मात्र डबे घेऊन तेल भरायला धावले.

"बिड्या विझवा, मागं व्हा!" पंक्चरवाला ओरडला. "घरातला कापूस आणा. कच्चा कापूस पाणी पेत न्हाई, तेल पेतो. बराबर?"

वेचलेला कापूस नाल्यात टाकायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यानं दुकानातली स्वतःची गादी आणून सगळ्यांसमोर फाडली. कापूस कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरला, गोण्या दोराला बांधल्या आणि दोर नाल्यावर आडवा ताणायला छातीभर पाण्यात उतरला. पांढऱ्या गोण्या बघता बघता पिवळ्या पडल्या. मग घराघरातून कापूस आला.

दोराचं दुसरं टोक काठावर मी धरलं होतं. संध्याकाळी त्याला म्हणालो, "भाऊ, आता बाहेर या. गारठलात."

"अजून तेल येऊन राह्यलं," तो म्हणाला आणि नवी गोणी बांधू लागला.

दोराच्या वरच्या अंगाला तेलाचा जाड थर होता. खालच्या अंगाला, नदीकडं जाणाऱ्या पाण्यात, काठाजवळचे खडे स्वच्छ दिसत होते.