दोन ते चार

आईला झटका आला तेव्हा ती खडवलीच्या घरात एकटीच होती. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदमच गेलं. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा मी तिला सरळ डोंबिवलीला माझ्याकडे आणलं. मी शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिला दुसरं कोण बघणार होतं?

बोलणं गेलं, पण दोन शब्द राहिले. "ये गं." तहान लागली तरी ये गं, पाठ दुखली तरी ये गं, खिडकीत चिमणी आली तरी ये गं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द शाबूत राहतो. आवाज मात्र पहिल्यासारखाच खणखणीत होता. खडवलीला ती ओट्यावरून हाक मारायची ती मागच्या शेतात वडिलांना ऐकू जायची. तोच आवाज आता माझ्या दहा बाय दहाच्या बेडरूममधून दिवसाला शंभरदा उठायला लागला.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू दारात उभा. तिशीचा असेल. डोळे लाल.

"काकू, सॉरी हां. मी नाईटला असतो, सकाळी घरी येतो. दुपारी झोप मोडली की परत लागतच नाही. आणि आपला रूलपण आहे ना, दोन ते चार."

रूल माझाच होता. मी सोसायटीची सेक्रेटरी. तीन वर्षांपूर्वी खालच्या बाईंनी पिको-फॉलचं मशीन घेतलं आणि रोज दुपारी त्याची घरघर माझ्या फरशीतून वर यायला लागली. मला अर्धशिशी आहे. त्या आवाजाने उलट्या व्हायच्या, ते नाटक नव्हतं. मी मीटिंगमध्ये विषय काढला, ठराव झाला आणि दोन ते चार कुठलाही आवाज करू नये अशी नोटीस मी स्वतः लिहून लावली. बाई वर आलेल्या. म्हणाल्या, "ताई, मुलं शाळेत असतात तेवढाच वेळ मिळतो मला." मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

तेव्हा आता मी कुठल्या तोंडाने काय सांगणार होते? त्याला एवढंच म्हटलं, "बघते मी."

मे महिना होता. मी खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीला जुनी गोधडी लावली. खोली भट्टीसारखी तापायची. डॉक्टरांकडून झोपेची अर्धी गोळी लिहून आणली. ती दिली त्या दिवशी आई संध्याकाळपर्यंत लोळागोळा होऊन पडली आणि पेजेचा घोटसुद्धा गिळेना. परत दिली नाही. मग लक्षात आलं की तिचा डावा हात हातात धरून बसलं की ती हाक मारत नाही. म्हणून पावणेदोनलाच मी हातातली कामं उरकून घ्यायचे. दोन वाजले की बंद खोलीत तिचा हात धरून बसायचं, घड्याळाकडे बघत. हाताला मुंग्या यायच्या. बाथरूमला जायचं तर चार वाजेपर्यंत थांबायचं. बाहेर पडणं तर बंदच झालं होतं. माझ्याच घरात मी दबक्या पावलांनी चालत होते.

एका दुपारी फोन वाजला म्हणून मी हात सोडला. दोन पावलं गेले असेन, तोच हाक आली. मी फोन उचललासुद्धा नाही. तिने पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मागे फिरले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

दाबला नव्हता. पण ठेवला. तळहाताखाली तिचे ओठ हलले, तेच दोन शब्द, गरम वाफेसारखे. मग हलायचे थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, काही समजत नसल्यासारखी.

मी हात काढला. त्यानंतर ती बोललीच नाही. दिवसभर नाही. संध्याकाळी पाहिलं तर चादर ओली, कधीची कोण जाणे. तिने हाक मारली नव्हती. मी चादर बदलली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. त्याच्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, दाराला काळा पडदा. आत अंधार आणि उकाडा. तोही माझ्यासारखाच कोंडून घेऊन बसलेला.

"माझ्याच्याने तिला गप्प करणं होणार नाही," मी म्हटलं. "काल केलं. परत करणार नाही."

त्याने पडदा बाजूला सारला. मग म्हणाला, "कानात बोळे घालून घालून कान फुटला माझा. ऑफिसात दोनदा झोपताना सापडलोय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, खाली ये, तिला बघ. तो माझ्याबरोबर खाली आला, आईच्या पलंगापाशी उभा राहिला. ती गप्पच होती. झटक्यानंतर दोनच शब्द उरलेत तिचे, मी सांगितलं. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "त्यांना बोलताच येत नाही हे मला माहीत नव्हतं. मला वाटलेलं, तुम्ही लक्ष देत नाही."

ठरलं ते एवढंच, की त्याच्या नाईटच्या आठवड्यात आईचा पलंग हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या बाजूला, त्याच्या झोपायच्या खोलीपासून लांब हलवायचा. आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी सव्वादोनला, इतके दिवस गप्प असलेल्या आईची हाक आली. मी कणीक तशीच टाकून पळाले. तिला काही नको होतं. मी बराच वेळ पिठाच्या हातांनीच तिच्याजवळ बसले.

पुढच्या मीटिंगमध्ये मी नियमाला एक ओळ जोडायला सांगितली, आजारी माणसं वगळून. सगळ्यांचे हात वर गेले. खालच्या बाईंचाही. मग त्या म्हणाल्या, "हे बरोबरच आहे. आणि माझं मशीन?"

"ते वेगळं," कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "माझी हरकत नाही. चालवू द्या त्यांना." पण आता आणखी चौघांची हरकत होती. एकाकडे तान्हं बाळ, एकाची परीक्षा, सगळ्यांची कारणं खरी. नियम माझ्या हातातून केव्हाच सुटला होता. मी खाली मान घालून मिनिट्स लिहिले.

कुणाचं चुकतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. आईला आवाज करायचा हक्क आहे असं म्हणावं, तर वरच्याला झोपेचा नाही का? परवा त्याचा मेसेज आला, "काकू, आज फार झालं." मी लिहिलं, "हो रे." तेवढ्यात आईने हाक मारली. फोन ठेवला आणि उठले.