खिडकी लावून केलेली प्रार्थना

मला राग येतो, पण वेळेवर येत नाही. भांडण संपलं, माणसं घरी गेली, त्यांची जेवणंसुद्धा उरकली, की मग माझी कानशिलं तापतात आणि काय बोलायला हवं होतं ते एकेक सुचायला लागतं. माझी बायको इंदापूरला एका दवाखान्यात नर्स आहे, बारामतीहून रोज एसटीने जाऊन-येऊन करते. ती म्हणते, "तुमचा राग आमच्या गाडीसारखा. येणार हे नक्की, पण तोवर स्टँडवरची माणसं जीपने निघून गेलेली असतात." चर्चमध्ये मला सहनशील माणूस म्हणून मान आहे. तो या उशिरामुळे मिळालाय, हे मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

या वेळचा राग मात्र आला तो आला, अजून उतरायचं नाव घेत नाही.

आम्ही बारामतीलगतच्या जळोचीला राहतो. कॉलनीच्या एका बाजूला नवे बंगले, दुसऱ्या बाजूला अजून ऊस. कॉलनीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. मी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. मुली दोन, थोरली तिसरीत आणि धाकटी बालवाडीत. बायकोची सकाळची ड्युटी असली की वेण्या घालायचं काम माझ्याकडे येतं. वायर पिळायची सवय असल्यामुळे वेणी पक्की बसते. थोरलीच्या मते इतकी पक्की, की शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत भुवया खाली येत नाहीत.

आमच्या समोरच्या घरात तात्या राहतात. मूळचे वडगाव निंबाळकरचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा-सून-नात असं कुटुंब. त्यांची नात आणि आमची थोरली एकाच वर्गात, एकाच रिक्षात, आणि रिक्षातसुद्धा एकाच कोपऱ्यात. चालायला लागल्यापासून दोघी कधी त्यांच्या ओट्यावर, कधी आमच्या. कुणाची पोरगी कुणाकडे जेवली हे संध्याकाळी दोन्ही घरांना एकमेकांना विचारावं लागायचं.

तर थोरलीचा वाढदिवस आला. वार गुरुवार. कॉलनीत गुरुवार पाळणारी घरं बरीच, म्हणून मी बेकरीवाल्याला तीन-तीनदा बजावून एगलेस केक आणला. वडापाव आणताना गाडीवाल्याला विचारलं, तेल वेगळं आहे ना, यात दुसरं काही तळत नाहीस ना. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतः ऑम्लेट खाता की माझ्याकडं." मी म्हणालो, आज माझ्यासाठी नाही. एवढी सगळी काळजी घेऊन घरी आलो आणि स्वतःवरच खूश होऊन बसलो.

बायकोने निघताना एकच सांगितलं होतं, "पोरं जमली की संडे स्कूल सुरू करू नका."

आता हे सांगायला हवं, की चर्चमध्ये दर रविवारी संडे स्कूल मी घेतो. आणि संडे स्कूल घेणाऱ्या माणसाला खोड असते. दहा पोरं एका खोलीत दिसली की त्याचे हात आपोआप वर जातात आणि तोंडातून निघतं, "चला, डोळे मिटा, हात जोडा, माझ्या मागं म्हणा." आमच्यात वाढदिवसाला केक कापायच्या आधी प्रार्थना असते. बाप लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो, वर्षभर सांभाळलं म्हणून देवाचे आभार मानतो, पुढच्या वर्षासाठी मागणं मागतो, आणि सगळे आमेन म्हणतात. माझ्या बापाने माझ्या डोक्यावर असाच हात ठेवलेला. मेणबत्ती लावण्यासारखीच ही गोष्ट. तिच्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी असं कधी मनात आलं नाही. अंड्याचा विचार केला, तेलाचा केला, याचा केला नाही.

मी म्हणालो, डोळे मिटा. कॉलनीतल्या झाडून सगळ्या पोरांनी डोळे मिटले. एक जण अर्ध्या डोळ्याने केककडे बघत होता, तेवढा सोडून द्या. मी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून एकेक ओळ म्हणालो, पोरं माझ्या मागं म्हणाली. शेवटचं आमेन तर अशा आवाजात म्हणाली की धाकटीने दचकून फुगा सोडला. तिथं आलेल्या एका आईने याचा व्हिडिओ काढला. तिचा पोरगा एरवी मिनिटभर बूड टेकत नाही, तो हात जोडून गप्प बसलाय हे तिला नवऱ्याला दाखवायचं होतं. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. पोरांच्या मनात केक होता.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, "आपल्या मुलांकडून काय वदवून घेतलं जातंय, पालकांनी वेळीच लक्ष द्यावं." आणि त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र. म्हणजे हात जोडायला त्यांची तशी हरकत नव्हती.

कुणी टाकला, कुणी पुढं पाठवला, यात मी शिरत नाही. संध्याकाळी मला तात्यांच्या ओट्यावर बोलावलं. चार-पाच जण बसले होते. एरवी मला 'मिस्त्री' म्हणणारे तात्या त्या दिवशी म्हणाले, "या पाव्हणं, बसा." पाव्हणं. कॉलनीचे रस्ते झाले नव्हते तेव्हापासून मी तिथं राहतोय, आणि आज पाहुणा झालो.

"राग मानू नका," तात्या म्हणाले. "तुमी मानूस चांगलं हाय, आमी कुठं न्हाय म्हंतो. पर पोरांचं काय केलं ते तेवढं सांगा."

"वाढदिवस केला तात्या."

"ते झालंच की. पर ते डोळं मिटून म्हनायचं काय हुतं?"

मी सांगितलं. पलीकडचा एक जण म्हणाला, "प्रार्थना तुमच्या मुलीसाठी होती, मग आमची पोरं कशाला?" त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असं नाही. मी तेच कबूल केलं, पुढच्या वेळी पोरांना म्हणायला लावणार नाही म्हणालो. तिथंच थांबायचं. पण माझं तोंड थांबलं नाही. मी म्हणालो, अहो, गणपतीच्या मांडवाची लायटिंग दरवर्षी कोण करतं, मीच ना? विसर्जनाला जनरेटर कोण सांभाळतं? सगळ्यांनी माना डोलावल्या. करता बाबा, करता. खरंय.

घरी आलो आणि मग, नेहमीप्रमाणे उशिरा, राग आला. त्या लोकांचा आला, पण त्याहून माझा आला. मांडवाला माळा मी हौसेने लावत होतो. पोरींना खांद्यावर घेऊन कुठला बल्ब कुठं ते विचारत होतो. आणि आज तीच हौस मी चारित्र्याच्या दाखल्यासारखी काढून दाखवली. तो कुणी मागितलासुद्धा नव्हता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मी काय सांगून गेले होते?" मग थोडं थांबून म्हणाली, "जाऊ दे, वाढा." ती दिवसभर उभी असते, तिला रागासाठी सुट्टी मिळत नाही.

सोमवारी रिक्षात तात्यांची नात पुढच्या सीटवर, रिक्षावाल्याच्या शेजारी बसली. थोरली मागं, एकटी. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेली तर तात्यांची सून म्हणाली, ती अभ्यास करते. दुसऱ्या दिवशीही अभ्यास. तिसरीतल्या पोरीला एवढा अभ्यास असतो हे आम्हाला नव्याने कळलं. थोरली परत यायची आणि पायरीवर बसून चपलेने माती उकरायची. काय झालं म्हटलं तर काही नाही. धाकटी मात्र बातम्या द्यायची, "पप्पा, ताई बाथरूममध्ये रडली. तिने मला सांगू नको सांगितलंय."

मी वाट बघायची ठरवलं. पोरांचं काय, चार दिवसांत विसरतात. मोठी माणसंही विसरतात. असं मीच मला सांगत होतो आणि पटतही होतं, हे जास्त वाईट.

मग तो बुधवार. बायको अजून यायची होती. मी पोळ्या करून (त्या वेण्यांइतक्या चांगल्या होत नाहीत) दोघींना वाढलं. थोरली ताटावरून उठली. खुर्ची ओढली, वर चढली आणि रस्त्याकडची खिडकी लावली. कडी नीट बसत नाही, ती मी कधीची दुरुस्त करणार होतो, तर तिने हाताच्या मुठीने ठोकून बसवली. खाली उतरली, ताटापुढे बसली, हात जोडले.

धाकटी म्हणाली, "ताई, गरम होतंय."

"गप. आमेन ऐकू जातं बाहेर."

एवढंच. नंतर तिने डोळे मिटले आणि ओठसुद्धा न हलवता प्रार्थना केली. धाकटीला वाटलं नवा खेळ आहे, तिनेही ओठ दाबून धरले.

त्या दिवशी माझा राग वेळेवर आला. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या हाताला कणीक लागलेली होती, तसाच उठलो आणि समोर गेलो.

तात्या ओट्यावर एकटेच तंबाखू मळत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "तात्या, माझी पोरगी जेवायच्या आधी खिडकी लावायला लागली."

त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. आवाज चढला होता, त्यांची सून दारात येऊन उभी राहिली तरी मी तो उतरवला नाही.

तात्या म्हणाले, "बसा तर आधी मिस्त्री."

"बसत नाही. माझी पोरगी तुमच्या या ओट्यावर वाढली. हरतालिकेपासून भोंडल्यापर्यंत तिनं काय सोडलं? तिला आरती पाठ आहे, सगळी. माझ्या धाकटीला पाठ आहे. तुमच्या घरचा प्रसाद घेऊन ती आमच्या घरी येते आणि आम्हाला वाटते. मी काढला कधी व्हिडिओ? मी बसवलं कधी तुम्हाला कुणाच्या ओट्यावर, की आमच्या पोरींकडून काय वदवून घेता म्हणून?"

"ते येगळं हाय," तात्या म्हणाले.

"काय वेगळं? सांगा मला. मला खरंच ऐकायचंय."

तात्यांनी तंबाखू तळहातावरच राहू दिली. सून काहीतरी बोलणार होती, त्यांनी तिच्याकडे न बघता हाताने थांबवलं. मग म्हणाले, "येगळं म्हंजी, आमी लई हाय. तुमी एकच घर."

दुसरं कुणी असतं तर गोड काहीतरी बोललं असतं. सगळे देव एकच, आपण सगळे भाऊ, असलं. मला ते ऐकून आणखी राग आला असता, पण तो वाद घालता येण्याजोगा राग असता. तात्या बोलले ते नुसतं खरं होतं, आणि ते बोलून त्यांना स्वतःचंच वाईट वाटलेलं दिसत होतं. म्हातारा मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यात सून बोललीच. "भाऊ, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण आमची पोरगी आता घरी ताटावर डोळं मिटून बसती. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला सगळे पाहुणे बसलेले, ही पंगतीत मोठ्यानं आमेन म्हणाली. मला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. माझ्या माहेरची माणसं काय म्हणाली ते मला माहीत."

मला हसू यायला हवं होतं. पंगतीत, पत्रावळ्या वाढलेल्या, आणि मधूनच आमेन. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसलो असतो, तीही हसली असती. आम्ही दोघंही हसलो नाही.

"मग तिला सांगा, म्हणू नको," मी म्हणालो. "तुमची पोरगी आहे, तुमचा हक्क आहे. पण माझ्या पोरीला एकटं पाडू नका. तिनं काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं."

एवढं बोलून मी आलो. दारात चप्पल सापडेना. मग लक्षात आलं की मी अनवाणीच गेलो होतो. घरी येऊन खिडकी उघडायला हात घातला तर थोरली म्हणाली, "पप्पा, नको ना." मी हात मागं घेतला. तिला शूर बनवायला निघालेला बाप तिने नको म्हटल्यावरही खिडकी उघडतो, म्हणजे त्यानं ओट्यावरच्या लोकांपेक्षा काय वेगळं केलं? पण खिडकी बंद राहिली याची चीडही गिळवेना. त्या उकाड्यात तसेच जेवलो.

शनिवारी अंधार पडायच्या सुमाराला दारात तात्यांची नात. हातात गृहपाठाची वही, म्हणजे निमित्त. "आजोबांनी पाठवलंय," ती म्हणाली. पलीकडे ओट्यावर तात्या आमच्याकडे पाठ करून बसले होते.

थोरलीने तिला आत ओढलं. माझी ताटं वाढून झाली होती. मी विचारलं, जेवणार का, तर ती म्हणाली, "जेवून आले, पण बसते." ती आमच्याबरोबर चटईवर बसली. धाकटीने हात जोडले. थोरलीने खिडकीकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे, मग माझ्याकडे. मला भीती वाटत होती की बोललो तर ओरडेन.

थोरली तिच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाली, "आता आम्ही प्रार्थना करणार. तू डोळे उघडेच ठेव हां. तुझी आई रागावते."

"बरं," ती म्हणाली.

मी सुरुवात केली. मध्येच, संडे स्कूलच्या मास्तरांच्या सवयीने, एक डोळा किलकिला करून बघितलं. ती पोरगी ताठ बसली होती. हात मांडीखाली दाबलेले, ते चुकून जोडले जाऊ नयेत म्हणून, आणि डोळे होतील तेवढे मोठे केलेले. पापणीसुद्धा लववत नव्हती. समोरच्या भिंतीवर बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर यायला लागलं होतं.

माझी प्रार्थना लांबते अशी चर्चमध्ये तक्रार आहे. त्या दिवशी मी ती अर्ध्यावर तोडली. आमेन म्हणालो, ते इतक्या रागाने की धाकटीने डोळे उघडून विचारलं, "पप्पा, देवाला रागावलात?"

"नाही," मी म्हणालो आणि समोरच्या पोरीला म्हणालो, "झालं बाळा. मिट आता डोळे."