गाण्यातलं कडवं गाळणार नाही

"ए म्हातारे, खाली बस!"

एवढं म्हणून त्यानं माझ्या हातातला माइक हिसकावला. तो आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या आईनं आणि मी एकाच कारखान्यात विड्या वळल्या. एरवी मला अव्वा म्हणतो, म्हणजे आजी. त्या दिवशी म्हातारी झाले.

मी बसले. सगळ्या गल्लीसमोर, फुलांच्या बाजूला, जमिनीवर. वरून त्यानं डीजे लावला. माझ्याच सुना-नातवंडांच्या वयाच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

बतुकम्मा चालू होती. सोलापुरात आम्ही तेलुगू बायका नवरात्राच्या दिवसांत फुलांची उतरंड रचतो, तिच्याभोवती फेर धरतो आणि टाळ्या वाजवत गातो. एक जण ओळ सांगते, बाकीच्या तीच ओळ उचलतात. सांगणारीनं जुन्या गाण्याला आपली कडवी जोडायची. सासूचं, सवतीचं, मुकादमाचं, जे मनात असेल ते देवीला, गौरम्माला सांगायचं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. मग मंडळानं स्टेज घातलं, माइक आणला. माइक आला तसा माइकचा मालकही आला.

माझ्या गाण्यात दोन कडवी होती.

पहिल्यात सांगितलं होतं, गौरम्मा, विडीच्या संपात आमच्या चुली विझल्या होत्या आणि आमच्या युनियनचा पुढारी मालकाच्या केबिनमध्ये चहा पीत बसला होता.

दुसऱ्यात सांगितलं होतं, गौरम्मा, तुझ्या नावाचा टिळा लावून मंडळाच्या पोरांनी शेजारच्या पोरीला क्लासच्या दारात थोबाडीत मारली. मुसलमान पोराबरोबर उभी होती, एवढंच. त्यानंतर तिचा क्लास बंद झाला. तू बघितलंस का?

या दुसऱ्या कडव्याला माइक गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष घरी आला. फोन समोर धरला. "अव्वा, हात जोडून म्हण, माझी चूक झाली, देवीची माफी मागते. व्हिडिओ टाकतो, विषय मिटला."

"देवीनं तुला धाडलंय व्हय?"

त्याचा चेहरा बदलला. माझा मुलगा मधे पडला. "आई, म्हणून टाक की. आपल्याला हितंच राहायचं हाय."

"मलाबी हितंच राहायचं हाय. म्हणूनच म्हणणार न्हाय."

मुलगा अजूनही जेवायला वाढलं की मान खाली घालून जेवतो.

दुपारी लाल झेंड्याच्या युनियनमधल्या ताई आल्या. शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनीही फोनच काढला.

"अक्का, हा तुमच्या आवाजावर घाला आहे. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. तुमचं गाणं आम्ही सगळीकडे पोचवतो." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मी पाणी दिलं, गायला बसले. पहिल्याच कडव्याला त्यांनी हात वर केला. "हे आत्ता नको, अक्का. त्यांच्या हातात कोलीत मिळेल. ही ती वेळ नाही."

हे वाक्य मला पाठ आहे. संपाच्या सभेत मी हीच गोष्ट बोलायला उभी राहिले, तेव्हाही युनियनवाल्यांनी असाच माइक काढून घेतला होता. "अक्का, बसा आता, ही ती वेळ नाही." तेव्हा माझे केस काळे होते.

"मग कवा येणार ती वेळ?" मी विचारलं. "नवरा मेला. कारखाना बंद पडला. पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो तुमच्या हापिसात लागला. वेळ काय आली न्हाय की."

"तुम्हाला राजकारण कळत नाही, अक्का."

कळतं. एकानं अगं-तुगं करून बसवलं, दुसऱ्यांनी अहो-जाहो करून. बसवलं दोघांनी. चौथीत शाळा सुटली तरी एवढं समजायला अडचण आली नाही.

ताई फोन पर्समध्ये टाकून गेल्या. पाठीशी होत्या त्या उंबऱ्यापर्यंत.

संध्याकाळी मी स्टेजकडे गेलेच नाही. परातीत झेंडू रचले, आमच्या दारातल्या मोरीजवळच्या मोकळ्या जागेत ठेवले आणि एकटीनं टाळी धरली. पाच-दहा जणी बघायला आल्या, मग फेरात शिरल्या. पहिलं कडवं आलं तेव्हा युनियनवाल्यांच्या घरातल्या बायकांनी ओठ मिटले. दुसरं आलं तेव्हा मंडळवाल्यांच्या घरातल्यांनी. मधूनच फेर तुटला, कुणी निघून गेलं. मार खाल्लेल्या पोरीची आई दाराआडून बघत होती. ती बाहेर आली नाही. मी तिला बोलावलंही नाही. तिला पोरगी सांभाळायची आहे.

दोन्ही कडवी उचलणाऱ्या तिघीच उरल्या.

माझा आवाज आता फाटतो. खोकला येतो, तंबाखूच्या धुळीत आयुष्य गेलंय. तरी दोन्ही कडवी म्हणेन, याच गल्लीत, उभी राहून. पुढच्या वर्षी तिसरं जोडणार आहे. त्यात माइक काढून घेणारे दोघंही असतील, नावानिशी.