स्काल एरिक नक्की किती?

स्वीडनमधल्या दालार्ना प्रांतातल्या त्या गावात घराचं नाव आधी, माणसाचं मागून. म्हणून स्काल घरातली मार्गित म्हणजे स्काल मार्गित. एकतीस वर्षं ती तिसरीच्या पोरांना गावचे जुने भिंतचित्रकार शिकवत होती, आणि दरवर्षी स्काल एरिकपाशी आली की तिचा आवाज थेट पाद्र्याचा व्हायचा. "बघा, बायबलातल्या योनाला गिळणारा मासा! सतराशे अठ्ठ्याण्णव! हा हात," खडूनं माखलेला आपला हात ती उंच धरायची, "माझ्यात उतरलाय!"

यंदा तिनं हौसेनं शेजारी दुसरं चित्र लावलं. साल अठराशे एकसष्ट. तोच योना, खाली तेच नाव. मासा मात्र कुत्र्याचे कान लावल्यासारखा.

पहिल्या बाकावरची त्युरा बोटं मोजत होती; तिथं पोरं बाईंना नावानंच हाक मारत. "अगं मार्गित, पहिल्या चित्राच्या वेळी तो चाळीस वर्षांचा होता म्हणालीस ना? मग दुसऱ्याच्या वेळी एकशे तीन?"

"म्हणूनच मासा बिघडला!" मागून कुणीतरी. वर्ग खिदळला.

तीनला पालक प्रदर्शन बघायला येणार आणि चित्राखाली 'माझा खापरपणजोबा' अशी चिठ्ठी लागणार होती. सुट्टीत मार्गितनं शाळेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बोर्येला गाठलं. त्याचे रविवार चर्चची जुनी दप्तरं चाळण्यात जायचे.

"बोर्ये, स्काल एरिक किती?"

"कॉफी किती कप, ते विचार."

"चेष्टा नको रे!"

"दोन. पहिला बिनमुलाचा गेला. घर दुसऱ्या एरिकनं विकत घेतलं. घरात शिरला, की घराचं नाव लागलं. हे तुला मी सांगायचं?"

"आणि मी?"

"तू कुत्र्याच्या कानांची."

घराच्या नावाला माणसाचं नाव समजणाऱ्या स्टॉकहोमकरांना ती जन्मभर हसली होती. आणि स्वतः? घराच्या नावालाच रक्त समजून बसली होती.

पावणेतीन वाजले. चिठ्ठी चांगल्या माशाखाली लावली, काढली. दुसऱ्याखाली लावली, काढली. पुन्हा पहिल्याखाली.

"मार्गित, लवकर! माझी आई आली!" त्युरा ओरडली.

डोळे मिटून तिनं चिठ्ठी कुत्र्याच्या कानांखाली ठोकली.

त्युरानं ती वाचली. "मग हा छान मासा कुणाचा?"

"तो... घराचा."

"म्हणजे मी मोठेपणी तुझं घर घेतलं, तर माझा?"

दारात पालक कोट काढत होते.

"नियमानं... हो," मार्गित म्हणाली. "म्हणजे, बहुतेक."