उजव्या कुशीवर

दुष्काळात पाथर्डीजवळ रस्त्याचं काम निघालं होतं. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई तिथं खडी फोडायला जायचो. एका सकाळी त्यांना खोकल्याची उबळ आली. त्या वाकल्या आणि खडीवर भळकन रक्त पडलं, लालभडक, फेसाळ. मी पदर लावला तर पदर भिजला.

कामावरच्या जीपनं गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. जाऊबाईंचा जुना टीबी त्यांना ठाऊक होता. इंजेक्शन देऊन ते मला म्हणाले, "रक्त उजव्या फुफ्फुसातून येतंय. नगरला न्या. उजव्या कुशीवरच झोपवा, उठू देऊ नका. चांगल्या फुफ्फुसात रक्त शिरलं तर श्वासच कोंडेल."

त्याच जीपनं निघालो; जाऊबाईंचे मालक, माझे थोरले दीर, पुढं बसले. करंजीच्या घाटात पुन्हा रक्त आलं. जाऊबाई उठायला धडपडू लागल्या.

"मला बसू दे गं! जीव घुसमटतोय!"

"बसव तिला," पुढून दीर ओरडले. "मारतीस का काय?"

लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती. "न्हाई दादा," मी म्हटलं, "डाक्टरांनी उठवू नका सांगितलंय." आणि जाऊबाईंचा खांदा दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी माझ्या मनगटाला नखं रुतवली. तोंडातलं रक्त मी बोटांनी काढत होते. मधेच त्या गप्प झाल्या, तेव्हा आपल्या हातून पाप घडलं असंच मला वाटलं. मग नाकाशी हात नेला. श्वास हाताला लागला.

हल्ली असं कुणाला झालं की मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालतात, पडद्यावर बघत छातीपर्यंत नेतात आणि रक्त येतं ती वाट आतूनच बंद करतात. माझ्या भाच्याचं तसंच केलं. तेव्हा नगरला बर्फ, रक्ताची बाटली आणि वाट बघणं, एवढंच होतं. रक्त थांबल्यावर पुण्याला ऑपरेशन झालं. फुफ्फुसाचा खराब भाग काढून टाकला.

जाऊबाई परत आल्या त्या माझ्यावर रुसूनच. भाकरी मागायची तरी सासूबाईंमार्फत. शेवटी एका दुपारी दीर त्यांना म्हणाले, "तिनं माझं ऐकलं असतं, तर तू आज न्हवतीस."

 थोड्या वेळानं जाऊबाई माझ्या शेजारी येऊन ज्वारी निवडायला बसल्या.