न विचारता पोहोचवणारं यंत्र

दामोदररावांचा मला राग पुष्कळ वर्षांपासून येत होता. किळस यायला मात्र गेल्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं.

ते माझे शेजारी. जव्हारच्या नाक्यावर माझं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, पायपुसणी, डॅशबोर्डवर चिकटवायचे गणपती. एकदा ठाण्याचा एक घाऊकवाला गळ्यात पडला म्हणून मी वाट दाखवणारी जीपीएसची यंत्रंही आणून ठेवली. तुमच्या डोंगरात फोनला रेंज नसते, ही थेट उपग्रहावर चालतात, हातोहात खपतील, असं तो छातीठोकपणे सांगून गेला. त्यांच्यावर धूळ बसली, तीही मीच पुसायची.

त्या बिचाऱ्याला आमचा भाग माहीत नव्हता. जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही रस्त्यावर गाडी थांबवा आणि गावाचं नाव घ्या, समोरचा माणूस आधी विचारतो, कोणाकडं? गावाला कोणी जात नाही, जातो तो कुणाच्या तरी घरी, असा इथला सरळ हिशेब. घर सांगितलं की दुसरा प्रश्न, तुम्ही त्यांचे कोण? तेही सांगितलं की तो हातातलं काम टाकून गाडीत बसतो, तुम्हाला त्या घराच्या ओट्यावर पोहोचवतो आणि चालत परत जातो. पोशेऱ्याला एकदा असाच एक म्हातारा माझ्याबरोबर आला, माझ्याच पंगतीला जेवला आणि माझ्याआधी तिथल्या बाजेवर आडवा झाला. मला ही रीत आवडते. माझा माल तिच्यापायी पडून राहिला तरी आवडते.

दामोदररावांना तिचीच भीती होती, हे मला उशिरा कळलं.

ते तहसील कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीवर बसायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन रुमाल. एक तोंड पुसायला, दुसरा खुर्चीवर पसरायला. पाड्यांवरून पायपीट करून आलेल्या माणसांना ते 'जरा लांब उभा राहा' म्हणायचे. ते इतक्या सहज म्हणायचे, की ऐकणाऱ्यालाच आपलं चुकलं असं वाटून तो मागं सरकायचा. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणतात. लाच घेत नसत, हे खरं. पण नुसती लाच न घेतल्यानं माणूस चांगला होत असता तर काय हवं होतं.

बायको, जानकीवहिनी, लवकर गेल्या. एकुलती एक मुलगी समृद्धी. अर्धी आमच्याच घरात वाढलेली, मला काका म्हणणारी. तिनं डी.एड. करताना बरोबरच्या नीलेशशी लग्न ठरवलं. मुलगा शिक्षक, शांत, सुपारीचंही व्यसन नाही. दोष एकच, की तो वावर गावाच्या पुढच्या वांगणीचा, आणि त्याचे आईबाप, भिका आणि धोंडीबाई, डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकवतात. दामोदरराव लग्नाला गेले नाहीत. मुलीशी बोलणं टाकलं. कुणी विचारलंच तर 'समृद्धी नाशिकला असते' म्हणून सांगायचे. नाशिक तिनं सहलीत पाहिलं तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात नीलेशच्या शाळेतला एक मास्तर माझ्याकडे हॉर्न बदलायला आला. त्याच्याकडून कळलं की समृद्धीला मुलगी झाली, बारसंही झालं, आणि नाव जानकी ठेवलं. मी संध्याकाळी कुंपणावरून दामोदररावांना सांगितलं. ते कुंडीला पाणी घालत होते. कुंडी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं तरी ते घालतच होते. मला वाटलं, पाझर फुटला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले आणि जीपीएस दाखवा म्हणाले.

मी खुशीत सगळी यंत्रं काउंटरवर मांडली. गिऱ्हाईक सहसा पडदा केवढा, नकाशा जुना की नवा, उन्हात दिसतं का, काचेला नीट चिकटतं का, हे विचारतं. दामोदररावांनी यातलं काही विचारलं नाही. सगळ्यात भारी यंत्राला तोंडानं गावाचं नाव सांगितलं की पुरे, हे मी कौतुकानं दाखवलं, तर त्यांनी ते लगेच बाजूला सारलं. मोठ्यानं नाव घ्यायचं नाही म्हणाले. दुसरं फोनला जोडावं लागत होतं, तेही नको. फोनवर लोकेशन मागवायचं तर मुलीशी बोलावं लागणार, ही मेख मला तेव्हा कळली नाही. तिसरं यंत्र आधी कुठं कुठं गेलात त्याची आठवण ठेवायचं. ती पुसता येते का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. पुसता येत नव्हती. हे महाशय यंत्र घ्यायला आलेत की पळून जायला, असा मला प्रश्न पडला.

शेवटी एक साधं, छोट्या पडद्याचं, आवाज पूर्ण बंद होणारं यंत्र त्यांच्या मनास आलं. तपासायला त्यांनी दाभोसा टाइप केलं. आलं. मग पोशेरा. तेही आलं. मग इकडंतिकडं पाहून, पडद्यावर हाताचा आडोसा धरून त्यांनी वांगणी टाइप केलं. यंत्रानं बदलापूरच्या पलीकडचं रेल्वे स्टेशन दाखवलं.

"ही नव्हे," ते म्हणाले.

मग कुठली, असं मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. या माणसाला नात बघायची होती, पण रस्त्यावर कुणी 'कोणाकडं' विचारलं तर 'भिकाकडं' म्हणायचं नव्हतं. आणि 'तुम्ही त्याचे कोण' याला 'व्याही' म्हणायची पाळी येऊ द्यायची नव्हती. तेवढा एक शब्द वाचावा म्हणून ते उपग्रहापर्यंत पोहोचले होते. मला तिथंच शिसारी आली. पण म्हटलं, जातोय ना, कसा का होईना, जाऊ दे. मी वावरजवळची वांगणी शोधून यंत्रात भरून दिली. चालवताना यंत्र हाताळता येणार नाही म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. पोरीला बघायचं म्हणून मीही गेलो.

रस्त्यात पहिल्यांदा वाट दाखवणारे लोक भेटले ते वावरच्या अलीकडे. मोरीवर दोघं बसले होते. गाडी हळू झालेली पाहून उठलेही. दामोदररावांनी काच वर केली आणि वेग वाढवला. यंत्रावरची निळी रेघ डोंगराच्या घळीत मधेच गोठायची, मग एकदम पुढं उडी मारायची. ते रस्ता सोडून त्या रेघेकडेच बघत होते. मी दोनदा स्टिअरिंग धरलं.

पुढं डांबर संपलं, आणि थोड्या वेळानं यंत्रानं पडद्यावर झेंडा फडकवला. पोहोचलो. कुठं, तर भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांच्या मधोमध. घर नाही, गोठा नाही, कावळासुद्धा नाही. चारी दिशांना टेकाडांवर चार पाडे, आणि प्रत्येकाकडे जाणारी पायवाट. नकाशावर वांगणी म्हणजे एक ठिपका होता, आणि आम्ही अगदी त्या ठिपक्यावर उभे होतो.

डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन एक बाई समोरून आली. काष्ट्याचं लुगडं, पाय धुळीनं पांढरे. ती आपणहून थांबली.

"कोनाकडं जायचा तुमाला?"

मी तोंड उघडलं. दामोदररावांनी माझा गुडघा असा दाबला की नखं लागली. मग दाखल्यांच्या खिडकीवरच्या आवाजात त्यांनी सांगितलं की कोणाकडं नाही, सरकारी काम आहे, नवीन जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासायच्या आहेत, या भागात अलीकडे कुणाकडं जन्म झालाय का. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण खोटं कसं जिभेवर तयार होतं.

बाईचा चेहरा उजळला. आमच्याच घरी झालाय म्हणाली, चला, दाखवते. आणि रीतीप्रमाणे दार उघडून मागं बसली. दामोदररावांनी मान वळवून तिला बजावलं की पीठ सांडू नको, कव्हर नवीन आहे. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि अंग चोरलं. मग त्यांनी पुढच्या दोन्ही काचा खाली केल्या. कशासाठी केल्या ते तिलाही कळलं असणार. मी मागं वळून म्हटलं, मावशी, गाठोडं खुशाल सीटवर ठेवा, ते कव्हर माझ्याच दुकानातलं आहे. तिनं ठेवलं नाही.

पीठ कसलं म्हणून मी विचारलं. नागलीचं. सून बाळंतीण आहे, तिला भाकर आणि आंबील करून घालायची. जवळची गिरणी बंद पडली म्हणून ती पहाटेच दुसऱ्या गावाला चालत गेली होती. नाव धोंडीबाई. ते तिनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसालाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

आता तरी बोलतील असं मला वाटत होतं. धोंडीबाईंनी तर त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली. सून जव्हारची, गुणाची, एवढं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तिचा बाप लय मोठा मानूस हाये. आमी बारशाला दुपारवरी थांबलो, नाव नाय ठेवला. सून सांगं, बाबांना वाट ठावं नाय म्हनून नाय आलं. मी म्हटला, मी जातंय जव्हारला, हाताला धरून आनतंय त्यांना. तं नको म्हनते."

दामोदररावांच्या कपाळावर घाम आला होता. तोंडाचा रुमाल काढून त्यांनी तो पुसला. एक शब्द बोलायचा होता. मागं बसलेली बाई तो ऐकून रडली असती, हसली असती, पाय धुवायला पाणी घेऊन धावली असती. त्यांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. मला त्या घडीचीसुद्धा किळस आली.

घर टेकाडावर होतं. कुडाच्या भिंती, वर नवी कौलं, सारवलेलं अंगण. समृद्धी उन्हात बसून बाळाला तेल लावत होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि तशीच राहिली. बापाला तिनं पाहिलं. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मला लिहिता येणार नाही, एवढंच सांगतो की चार वर्षांच्या अबोल्याचा राग त्यात कुठं नव्हता. बाळाला उचलून ती उठली, अर्धं अंगण ओलांडून आली.

तेवढ्यात धोंडीबाई मागच्या दारातून उतरल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "हापिसातलं साहेब हायेत गं. पोरीची नोंद बघाया आलं."

समृद्धी थांबली. बापाकडे पाहत राहिली. त्यांनी नाही म्हणायला तिनं पुरेसा वेळ दिला, मी तिथं उभा होतो, साक्षीला आहे. ते गाडीच्या दाराला धरून उभे होते. एक पाय अजून आतच होता.

मग ती माझ्याकडे वळली. या काका, म्हणाली. धोंडीबाईंनी विचारलं, ओळखीचे आहेत का. हे काका आमच्या शेजारचे, असं तिनं सांगितलं. आणि साहेब? साहेब कामाला आलेत, ती म्हणाली. धोंडीबाई ओट्यावर घोंगडी अंथरायला आत गेल्या.

बाळ आजोबांच्या हाताच्या अंतरावर होतं. नाक जानकीवहिनींचंच, आंधळ्यालाही दिसावं. दामोदररावांचा हात थोडा वर आला. तेवढ्यात धोंडीबाई घोंगडी घेऊन बाहेर आल्या आणि तो हात खाली गेला. आणि या माणसानं, माझ्या कानांनी ऐकलं, घसा साफ करून विचारलं, "जन्माची नोंद झाली का?"

"झाली," समृद्धी म्हणाली. "आईचं नाव लिहिलंय, बापाचं लिहिलंय. आईच्या बापाचं नाव त्यात विचारत नाहीत, साहेब."